वर्गातल्या स्लाइडमध्ये प्रश्न आणि मतदान: चुकीचे पर्याय कुठून आणता?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. सातवीत 46 मुलं, वर्गात एक प्रोजेक्टर, आणि मुलांना शाळेत मोबाइल आणायला परवानगी नाही. तरी गेली दोन वर्षं स्लाइडच्या मधेच प्रश्न टाकून मी सगळ्या वर्गाचं मत घेते. पहिल्या वर्षी त्यात काय चुकलं ते आधी सांगते, कारण धागा काढायचं कारणच ते आहे.

तेव्हा प्रश्न पाठाच्या शेवटी असायचे. चंद्राच्या कला शिकवून झाल्या की पाच प्रश्न, रंगीत अक्षरं, टाळ्यांचा आवाज. मुलं खूश. जवळजवळ सगळ्यांची उत्तरं बरोबर यायची, त्यामुळे मीही निश्चिंत. मग घटक चाचणीचे पेपर तपासायला घेतले आणि हात थांबला. ‘चंद्र अर्धा का दिसतो?’ याला निम्म्याहून जास्त मुलांनी ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून’ असं लिहिलं होतं. मग वर्गात हीच मुलं बरोबर कशी येत होती? स्लाइड उघडून पाहिली. पर्यायांत सावली नव्हतीच! ‘चंद्र लहानमोठा होतो’, ‘चंद्राचा रंग बदलतो’, ‘चंद्र विझतो’ असलं काहीतरी बसल्या जागी सुचेल तसं लिहिलेलं होतं. त्यातून बरोबर उत्तर न शिकताही काढता येतं.

त्या दिवसापासून एक दोनशेपानी वही केली. पेपर तपासताना मुलाने जे चुकीचं उत्तर मनापासून लिहिलेलं असतं ते त्याच्याच शब्दांत त्या वहीत उतरवते. स्लाइडवरचे चुकीचे पर्याय फक्त त्या वहीतून घ्यायचे, स्वतःच्या डोक्यातून नाही.

या वर्षी चंद्राचा प्रश्न शिकवण्याच्या आधी टाकला. पर्याय असे: अ) पृथ्वीची सावली पडते. ब) ढग आड येतात. क) चंद्राच्या उजेडातल्या भागापैकी आपल्याला कमीजास्त भाग दिसतो. ड) चंद्र सूर्याच्या मागे जातो. मतं आली: अ 29, क 11, ड 4, ब 2. उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, शेजारच्याला पटवून द्या. चार मिनिटं वर्गात नुसता कल्ला. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा आवाज चढला: “अष्टमीला दुपारीच चंद्र वर येतो, मी बघितलाय. सूर्य पण असतो तेव्हा. दोघंही वर असताना पृथ्वीची सावली तिकडं कशी जाईल?” मी तिला तेच वाक्य पुन्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायला लावलं. दुसऱ्या फेरीत क ला 30 मतं, अ ला 14, ड ला 2. मग पडदे ओढून टॉर्च आणि रबरी चेंडू बाहेर काढला.

तुम्ही हे कसं करता, कुठलं साधन वापरता, आणि मुख्य म्हणजे पर्याय कुठून आणता, ते लिहा.

नवखा_गुरुजी

ताई, धागा जपून ठेवला आहे. एक शंका: मोबाइल नसताना 46 मुलांची मतं मोजता कशी?

पाटीपेन्सिल

प्लिकर्स नावाच्या ॲपची कागदी कार्डं. प्रत्येक कार्डावर काळ्या चौकोनांची एक आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर करून मुलाने कार्ड धरायचं. मी माझ्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवते, फोन सगळी कार्डं टिपतो. प्रत्येक आकृती वेगळी असल्याने कोणाचं उत्तर काय ते मला कळतं, शेजाऱ्याला मात्र वाचता येत नाही. हात वर करायला लावले की हुशार मुलाचा हात कुठे जातो ते बघून बाकीचे हात वर होतात. ते इथे होत नाही.

नेहमीचा संच 40 कार्डांचा असतो. मोठ्या वर्गासाठी 63 चाही मिळतो, मी तो छापून घेतला. इंटरनेट लागतं, ते माझ्याच फोनवरून लॅपटॉपला देते.

घाटमाथा

34 वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. पाटीपेन्सिल मॅडम, तुमची वही वाचून बरं वाटलं. बाकी, आमच्याकडे हे ‘पाट्या वर’ या दोन शब्दांत व्हायचं. फळ्यावर उदाहरण, मुलांनी पाटीवर उत्तर लिहायचं, मी टेबलावर डस्टर आपटलं की सगळ्यांनी एकदम पाट्या वर धरायच्या. एका नजरेत कळायचं कोण कुठे अडकलंय.

पर्यायांबद्दल माझा अनुभव देतो. ‘0.45 मोठा की 0.5?’ पाचवीत हा प्रश्न विचारा. 0.45 म्हणणारी मुलं आळशी नसतात, ती 45 आणि 5 यांची तुलना करत असतात. पण 0.5 म्हणणाऱ्यांतही काही फसवे असतात. त्यांनी ‘दशांशचिन्हानंतर आकडे कमी म्हणजे संख्या मोठी’ असा स्वतःचा नियम केलेला असतो, आणि तो इथे योगायोगाने चालून जातो. म्हणून लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: ‘0.3 मोठा की 0.47?’ पहिला नियमवाला इथे सुटतो आणि दुसरा सापडतो. एका प्रश्नाने दोन्ही सापडत नाहीत, जोडी लागते.

पण माझी एक तक्रारही आहे. 35 मिनिटांच्या तासिकेत मतदान, चर्चा, पुन्हा मतदान केलं तर अभ्यासक्रम संपवायचा कधी?

पाटीपेन्सिल

सर, प्रश्नांची जोडी वहीत उतरवून घेतली.

वेळेची अडचण खरी आहे. एका प्रश्नाला मला सात मिनिटं लागतात. म्हणून एका तासाला दोनच, त्याहून जास्त कधीच नाही. त्यासाठी स्लाइड काढून टाकल्या. चंद्राच्या पाठाला माझ्या 22 स्लाइड होत्या, आता 9 आहेत. ज्या काढल्या त्यांवर पुस्तकातलाच मजकूर होता, आणि तो मुलं घरी वाचू शकतात.

अणुरेणू

पुण्यात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतो. पाटीपेन्सिल ताई, तुम्ही जे केलंत त्याची पद्धत हार्वर्डचे एरिक माझूर यांनी 1991 पासून वर्गात रुजवली. त्यांच्या विद्यार्थ्यांना आकडेमोडीची अवघड गणितं सुटायची, पण बलाबद्दलचा साधा प्रश्न विचारला की गडबड व्हायची. मग त्यांनी व्याख्यान तोडून मधे संकल्पनेचा प्रश्न, आधी एकट्याने उत्तर, मग शेजाऱ्याशी वाद, मग पुन्हा उत्तर असा क्रम बसवला.

त्यात एक अंदाज उपयोगाचा आहे. पहिल्या फेरीत साधारण 30 ते 70 टक्के उत्तरं बरोबर असतील तर चर्चेला सोडावं. 70 च्या वर गेली तर थोडक्यात सांगून पुढे जावं. 30 च्या खाली असतील तर चर्चेत एकमेकांची चूकच पक्की होण्याची भीती असते, तेव्हा आधी थोडं शिकवून मग प्रश्न परत टाकावा. तुमचे 46 पैकी 11 म्हणजे 24 टक्के झाले. त्या मुलीने अष्टमीचा चंद्र पाहिलेला होता म्हणून वर्ग सावरला. दर वर्षी तशी मुलगी वर्गात असेलच असं नाही.

साधनाबद्दल: माझूर यांनी सुरुवात हात वर करण्याने आणि कार्डांनी केली होती, बटणाची यंत्रं नंतर आली. नथानियल लासरी यांनी 2008 मध्ये यंत्र आणि कागदी कार्डं यांची तुलना छापली. शिकण्यात फरक पडला नाही. फरक पद्धतीने पडतो. घाटमाथा सरांच्या पाट्या मला याच रांगेत दिसतात.

आणि एक काळजी घ्या. मतं येत असताना स्तंभालेख पडद्यावर ठेवू नका. उंच होत चाललेला खांब बघून पुढची मतं तिकडेच जातात. मेंटीमीटर या ऑनलाइन मतदानाच्या साधनात निकाल झाकून ठेवायची सोय आहे. पहिल्या फेरीचा निकाल मी चर्चा संपेपर्यंत दाखवतच नाही.

सोनचाफा

मी सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तिसरी आणि चौथी एकत्र, 19 मुलं. प्लिकर्सबद्दल माझी ठेच सांगते, म्हणजे दुसऱ्याला लागायला नको. कार्डं टिकावीत म्हणून मी ती लॅमिनेट करून आणली. चकचकीत झाली आणि खिडकीच्या उजेडात फोनला निम्मी दिसेनात. आता जाड पुठ्ठ्यावर साधीच चिकटवली आहेत, कडेला सेलोटेप. लहान मुलांची बोटं काळ्या आकृतीवर जातात, तेही चालत नाही. म्हणून कार्डाच्या चारही कडांना रंगीत कागदाची पट्टी लावली. पट्टीवर धरायचं, आत बोट न्यायचं नाही, एवढं सांगितलं की तिसरीतलं पोरही बरोबर धरतं.

कॅमेरा फिरवताना माझ्या फोनवर मुलांची नावं बरोबर-चूक रंगात दिसतात. तो फोन मी टेबलावर उलटा ठेवते. चौथीतला एक मुलगा तोंडी प्रश्नाला कधी उत्तर द्यायचा नाही. कार्ड मात्र दर वेळी वर. मधल्या सुट्टीत हळूच येऊन विचारतो, “बाई, माझं कुठलं आलं?” आता दोन मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेवते. तो कुठे अडकतो ते मला वर्षभरात पहिल्यांदा कळतंय.

नवखा_गुरुजी

आमच्या वर्गात इंटरनेट येतच नाही. पॉवरपॉइंटमध्येच काही करता येईल का? यूट्यूबवर बघून एक प्रश्नमंजुषा केली, पण पर्यायाऐवजी चुकून रिकाम्या जागी क्लिक झालं की थेट उत्तराची स्लाइड यायची.

कळफलक

नवखा_गुरुजी, बायकोच्या शाळेसाठी मी हेच बसवून दिलंय. सांगतो.

प्रश्नाच्या स्लाइडवर प्रत्येक पर्याय वेगळ्या आयतात लिहा. आयत निवडा, इन्सर्टमध्ये लिंक, तिथे ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’, आणि हवी ती स्लाइड. लिंक आयताला द्या, आतल्या अक्षरांना देऊ नका, नाहीतर अक्षरांचा रंग बदलतो आणि खाली रेघ येते. मग ट्रान्झिशन्समध्ये जाऊन त्या स्लाइडची ‘ऑन माउस क्लिक’ ची खूण काढून टाका. तुमचा घोळ तिथेच आहे. खूण काढली की रिकाम्या जागी कितीही क्लिक करा, स्लाइड हलत नाही. बाणाच्या कळांनी मात्र हलते. तेही बंद हवं असेल तर ‘सेट अप स्लाइड शो’ मध्ये किऑस्कचा पर्याय निवडा.

आता खरा मुद्दा. बहुतेक जण चुकीचे तिन्ही पर्याय एकाच स्लाइडला जोडतात, ‘अरेरे, पुन्हा प्रयत्न करा!’ तसं करू नका. प्रत्येक चुकीच्या पर्यायाला स्वतःची स्लाइड द्या. सावलीवर क्लिक केलं तर अष्टमीच्या दुपारचं चित्र आणि एकच प्रश्न: ‘आता पृथ्वीची सावली कुठे आहे?’ ढगावर क्लिक केलं तर निरभ्र आकाशातला अर्धा चंद्र. खाली ‘परत’ चं बटण, ते मूळ प्रश्नावर नेईल. काम तिप्पट वाढतं खरं, पण मुलाला त्याच्या चुकीचं उत्तर मिळतं. नंतर स्लाइडचा क्रम बदलला तरी लिंक तुटत नाही.

सगळं एकाच स्लाइडवर ठेवायचं असेल तर ट्रिगर वापरा. खुलाशाच्या चौकटीला ॲनिमेशन द्या, मग ट्रिगरमध्ये ‘ऑन क्लिक ऑफ’ आणि तो पर्याय. आधी आल्ट आणि एफ10 दाबून सिलेक्शन पेन उघडा आणि चौकटींना नावं द्या. नाहीतर ‘रेक्टँगल 14’ आणि ‘रेक्टँगल 17’ यांत शोधत बसावं लागतं.

आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर जपून. श्रीलिपीत टाइप केलेले प्रश्न दुसऱ्या संगणकावर किंवा कुठल्याही ऑनलाइन साधनात नेले की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. युनिकोडमध्येच टाइप करा.

नवखा_गुरुजी

कळफलक सर, खूण काढली, आता बरोबर चालतंय! खूप आभार. चुकीच्या पर्यायांच्या स्लाइड आज रात्री करतो.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. आमच्याकडे उलट परिस्थिती: प्रत्येक मुलाच्या हातात टॅब्लेट, पण मराठी आठवड्यातून दीड तास. कहूट हा ऑनलाइन प्रश्नमंजुषेचा खेळ लावला की पोरं उड्या मारतात. तरी मला दोन गोष्टी खटकल्या.

पहिली वेगाची. कहूटच्या नेहमीच्या गुणांकनात एका प्रश्नाला जास्तीत जास्त 1000 गुण. अगदी शेवटच्या क्षणी बरोबर उत्तर दिलं तर साधारण निम्मेच मिळतात. माझ्या वर्गात ज्यांच्या घरी आजी आहे ती मुलं भराभर वाचतात आणि बाकीची अक्षर लावत वाचतात. अक्षर लावणारं मूल बरोबर असूनही दर रविवारी तळाला. एका मुलीने वाचणंच सोडलं, रंग बघून कुठलंही बटण दाबायची. तेव्हापासून वाचनाच्या प्रश्नांना मी शून्य गुण ठेवते आणि वेळ भरपूर देते. तशी सोय त्यात आहे. गुणांची शर्यत फक्त म्हणी आणि सणांच्या प्रश्नांना. कहूटवरच्या 93 अभ्यासांचा आढावा 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. एकंदर परिणाम चांगला, पण वेळेचा ताण आणि हरण्याची भीती या तक्रारी त्यातही आहेत. आढावा घेणाऱ्या दोघांपैकी एक आल्फ इंगे वांग, म्हणजे ज्यांच्या नॉर्वेतल्या विद्यापीठातल्या कामातून कहूट निघालं तेच. त्यांनी हे लिहून ठेवलं आहे याचं मला मोल वाटतं.

दुसरी गोष्ट अक्षरमर्यादेची. प्रश्नाला आणि पर्यायाला ठरावीकच अक्षरं लिहिता येतात, आणि मोजताना काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरलं जातं. ‘स्त्री’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, संगणक सहा मोजतो. म्हणून लांब प्रश्न मी चित्रात लिहिते आणि चौकटीत फक्त ‘चित्र पाहा’.

पर्यायांची वही मीही करणार. आमच्या मुलांच्या चुका वेगळ्या असतात. ‘मी शाळा जातो’ हे त्यांना चुकीचं वाटतच नाही, कारण इंग्रजीत विचार करताना विभक्तीची गरज भासत नाही.

घाटमाथा

सातासमुद्रापार ताई, शून्य गुणांचं वाचून समाधान वाटलं. गणितात घाई ही मोठी शत्रू आहे. डस्टर आपटायच्या आधी मीही मनात वीस आकडे मोजायचो, आणि सगळ्यांची पेन्सिल थांबली नसेल तर आणखी वीस.

वेळेबद्दल मी जी तक्रार केली होती ती अर्धी मागे घेतो. 22 च्या 9 स्लाइड करणं हे मी माझ्या काळात फळ्यावर केलं असतं तर बरं झालं असतं.

अणुरेणू

वेळेच्या बाजूने आणखी एक सांगतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणून मी तास सुरू करताना मागच्या आठवड्याचा एक प्रश्न टाकतो, पर्याय न देता. वहीत लिहा, मग पडदा उघडतो. त्याला कुठलंच ॲप लागत नाही.

पाटीपेन्सिल

दोन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय करून पाहिलं ते लिहिते.

ग्रहणाचा पाठ घेतला. अणुरेणू सरांचं ऐकून खांब झाकून ठेवले. प्रश्न होता, ‘दर पौर्णिमेला चंद्रग्रहण का होत नाही?’ वहीत यावर फक्त दोन चुका होत्या, चौथा पर्याय मी डोक्यातून घातला आणि त्याला एकही मत पडलं नाही. बरोबर उत्तर, म्हणजे चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली असल्यामुळे तो बहुतेक वेळा सावलीच्या वरून किंवा खालून जातो, याला 9 मतं. 30 टक्क्यांच्या खाली! या वेळी चर्चेला सोडलं नाही. आधी बांगडीला चेंडू बांधून, बांगडी तिरकी धरून दाखवली, मग प्रश्न पुन्हा टाकला, 21 आले. आता चर्चा. तिसऱ्या फेरीत 37.

पण एक नवीन अडचण आली. कलांच्या वेळी ज्यांनी सावली सोडून दिली होती, त्यांतली काही मुलं आता म्हणतात की ग्रहणातही सावली नसते. माझीच चूक. ‘सावली चुकीची’ एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं. म्हणून घाटमाथा सरांसारखी जोडी केली: ‘अष्टमीचा चंद्र अर्धा का?’ आणि लगेच ‘ग्रहणात चंद्र अर्धा का?’ दोन्ही प्रश्नांना पर्याय तेच, उत्तरं वेगळी. ही जोडी सोमवारी घेणार आहे. घरी काम दिलंय की संकष्टीला चंद्र किती वाजता उगवतो ते कालनिर्णयात बघून यायचं, आणि विनायकी चतुर्थीला तो संध्याकाळी कुठल्या बाजूला दिसतो ते स्वतः बघायचं.

सोनचाफा ताई, रंगीत पट्टीची युक्ती आमच्याकडेही लागू पडली.

पुढच्या महिन्यात दहावीला विद्युतधारा घ्यायची आहे. तुमच्या मुलांनी पेपरात लिहिलेल्या खऱ्या चुका असतील तर इथे टाका, जशाच्या तशा, त्यांच्याच शब्दांत. माझ्या वहीत आत्ता तीनच आहेत: ‘पहिल्या बल्बने वीज खाल्ली म्हणून दुसरा मंद लागतो’, ‘बॅटरीच्या जवळचा बल्ब जास्त उजळतो’, आणि ‘एकच वायर जोडली तरी थोडी वीज येते’.